जमिनीची नाडी पाहणारे श्लंबर्जे

सोलापूरजवळच्या कुंभारीसारख्या गावात बोअर मारायची ठरली, की कुणी पाणाड्याला बोलावतं, तर कुणी मशीनवाल्याला. मशीनवाला शेतात एका रेषेत चार सळया ठोकतो, वायरी जोडतो आणि आकडे लिहून घेतो. ही पद्धत फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ कॉनराड श्लंबर्जे यांच्या नावाने ओळखली जाते.

त्यांचा जन्म १८७८ साली अल्सास प्रांतात, कापडधंद्यातल्या घराण्यात झाला. १९०७ पासून ते पॅरिसच्या खाणविद्यालयात शिकवू लागले. जमिनीखालचं खनिज तेव्हा बहुधा खणूनच शोधावं लागे. वीज सोडून ते आधीच ओळखता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. वाळू भरलेल्या टबात प्रयोग करून १९१२ साली त्यांनी नॉर्मंडीत प्रत्यक्ष जमिनीवर मोजणी केली. महायुद्धाने काम थांबवलं. १९१९ साली वडील पॉल यांनी कॉनराड आणि धाकटे मार्सेल यांना भांडवल दिलं. अट एकच, नफ्याआधी विज्ञान.

ईसीजीत हृदयाची स्वतःची वीज त्वचेवरून टिपली जाते. इथे वीज बाहेरून सोडावी लागते. बाहेरच्या दोन सळयांतून प्रवाह जातो, आतल्या दोन विद्युतदाब मोजतात. बाहेरच्या सळया जितक्या लांब, तितकी खोलवरची माहिती मिळते. सोलापूरचा अखंड काळा पाषाण विजेला मोठा विरोध करतो; पाणी धरलेला मुरूम आणि भेगाळ खडक कमी.

१९२७ साली अल्सासमधल्या पेशेलब्रॉन इथे हीच मोजणी तेलविहिरीच्या आत उतरवली गेली. जावई हेन्री डॉल यांनी टप्प्याटप्प्याने आकडे घेऊन आलेख काढला. पुढे जगभरच्या तेलविहिरींचा तो नेहमीचा तपास झाला. कॉनराड १९३६ साली वारले.

या तपासालाही मर्यादा आहेत. ओली चिकणमातीसुद्धा कमी विरोध दाखवते, पण पाणी सोडत नाही. म्हणून आकड्यांच्या जोडीला आसपासच्या विहिरींची माहिती घ्यावी, भूजल सर्वेक्षण यंत्रणेचा सल्ला घ्यावा. कोरड्या बोअरचं कर्ज घरातल्या जेवणाला आणि औषधाला कात्री लावतं. पाणी लागलं तरी ते पिण्याजोगं आहे का, हे मशीन सांगत नाही. फ्लोराइड आणि नायट्रेट डोळ्यांना दिसत नाहीत. त्यासाठी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेतच द्यायला हवा.