डोहनावूरची अम्मा

परदेशी जाऊन अनाथ बालकांची सेवा करावी, ही कल्पना तरुण मनास फार मोहक वाटते. परंतु अशा सेवेत मुख्यतः काय करावे लागते याचा विचार थोडेच लोक करतात. म्हणून कुमारी एमी कार्मायकेल यांचे चरित्र आम्ही या अंकात वाचकांपुढे ठेवीत आहो.

बाईंचा जन्म आयर्लंडातील मिलआइल या समुद्रकाठच्या लहानशा गावी दि. 16 डिसेंबर 1867 रोजी झाला. घरची पिठाची गिरणी होती. सात भावंडांत या सर्वांत वडील. लहानपणी आपले डोळे आईसारखे निळे व्हावेत म्हणून त्यांनी देवाची प्रार्थना केली आणि सकाळी आरशात ते पिंगटच दिसले तेव्हा त्या फार हिरमुसल्या, अशी गोष्ट सांगतात. 1885 साली वडील वारले. पुढे बेलफास्ट शहरात कापडाच्या गिरण्यांत राबणाऱ्या गरीब मुलींमध्ये बाई काम करू लागल्या. या मुलींना टोपी घेण्याची ऐपत नसे, म्हणून त्या डोक्यावरून शाल घेत, आणि तेवढ्यावरून चर्चमधील प्रतिष्ठित मंडळी नाके मुरडीत. तेव्हा बाईंनी 1889 साली त्यांच्यासाठी लोखंडी पत्र्याचे एक स्वतंत्र सभागृहच उभारविले.

1893 साली त्या जपानात गेल्या. तेथे प्रकृती बिघडली. तेथून सिंहलद्वीप, पुन्हा स्वदेश, असा फेरा होऊन 1895 च्या अखेरीस त्या बंगळूरास उतरल्या. यानंतर पंचावन्न वर्षांत त्या एकदाही मायदेशी परतल्या नाहीत.

दुसऱ्याच वर्षी त्या तिनेवेल्ली, म्हणजे हल्लीच्या तिरुनेलवेली, जिल्ह्यात गेल्या व तामिळ भाषेच्या अभ्यासास लागल्या. काही तामिळ भगिनींसह बैलगाडीतून गावोगाव हिंडावे, अंगावर साडी असावी, जमिनीवर बसून बायाबापड्यांशी बोलावे, असा त्यांचा परिपाठ पडला. हा भ्रमणाचा व उपदेशाचा क्रम त्यांना मनापासून प्रिय होता. आपले जन्माचे काम हेच, असे त्यांस वाटे.

मार्च 1901 मध्ये मात्र निराळेच घडले. प्रीना नावाची सुमारे सात वर्षांची एक मुलगी देवळाशी संबंध असलेल्या बायकांच्या घरून पळून बाईंच्या आश्रयास आली. ती पूर्वीही एकदा पळाली होती आणि त्याबद्दल तिच्या हातांवर डागण्या दिल्या होत्या. देवाला मुली वाहण्याची चाल आपणास अपरिचित नाही. खंडोबाच्या मुरळ्या महाराष्ट्रातही होत्या. (देवदासींच्या परंपरेने नृत्य व गायन या कला जतन केल्या हे आम्ही नाकारीत नाही, पण सात वर्षांच्या पोरीला तिची इच्छा कोण विचारणार?) बाईंनी कसोशीने माहिती मिळविली व लिहून प्रसिद्ध केली, तेव्हा पुष्कळांना, किंबहुना काही मिशनरी बंधूंनाही, ती खरी वाटेना. मुंबई इलाख्यात या चालीविरुद्ध कायदा 1934 साली झाला, मद्रासेत तर 1947 साली.

एकीमागून एक मुली येऊ लागल्या. पुढे तान्ही बाळेही आली. डोहनावूर या खेड्यात त्यांचे बिऱ्हाड स्थिर झाले, आणि आता बाईंपुढे कठीण प्रश्न उभा राहिला. दूध पाजणे, न्हाऊमाखू घालणे, नखे कापणे, रात्री तापाने फणफणलेल्या पोराजवळ बसणे, यांतून भ्रमणास जावे केव्हा? ज्या कामासाठी घरदार सोडले, तेच सोडावे काय? बाईंनी ते सोडले. आमच्या मते मायदेश सोडण्यापेक्षा हा त्याग मोठा होता. कारण पहिल्याची लोक वाहवा करतात, दुसऱ्याकडे कोणी पाहत नाही. मुले त्यांना अम्मा म्हणू लागली.

तान्ह्या बाळांस जगविणे सोपे नव्हते. आसपास दवाखाना नाही, दाई मिळेना. म्हणून त्रावणकोरातील नेय्यूर येथे, मिशनच्या रुग्णालयाजवळ, बाळांसाठी वेगळे घर केले. पोन्नम्माळ नावाच्या तामिळ बाईंनी ते सांभाळले. तेथे अतिसाराची साथ येऊन अनेक बाळे दगावली, तरी या साध्वीने धीर सोडला नाही. 1915 साली पोन्नम्माळ निवर्तल्या. डोहनावूरचे यश एकट्या गोऱ्या बाईंचे, असे जे समजतात त्यांनी हे नाव ध्यानात ठेवावे.

बाईंची सर्वच कृत्ये निर्विवाद होती असे नाही. मुत्तम्माळ नामक मुलीसंबंधी खटला होऊन 1911 साली तिला आईच्या स्वाधीन करण्याचा हुकूम झाला; पण मुलगी गुप्तपणे परदेशी पोहोचविली गेली. ती पुष्कळ वर्षांनी परत आली. मुलीचे हित की न्यायासनाची आज्ञा, या पेचात आमचा कौल सहजासहजी कोणत्याच बाजूस पडत नाही. सुज्ञ वाचकांनी, विशेषतः आईबापांनी, आपला विचार करावा.

परदेशातून येणाऱ्या साहाय्यकांस येथे पगार नसे, आणि संस्थेसाठी कोणापुढे हात पसरावयाचा नाही असा दंडक होता. प्रथम तामिळ शिकावयाचे, मग पडेल ते काम. चूल, शौचकूप, पाळणा यांत उच्चनीच मानीत नसत. ही शिस्त काहींना पेलली नाही आणि ते निघून गेले. 1918 पासून मुलगेही घेण्यास आरंभ झाला. 1927 साली डोहनावूर फेलोशिप या नावाने संस्था रीतसर स्थापन झाली. मध्यंतरी 1919 साली सरकारने बाईंना कैसर-ई-हिंद पदक दिले.

24 ऑक्टोबर 1931 रोजी एका नव्या दवाखान्याच्या जागेची पाहणी करण्यास त्या गेल्या असता अंधारात खड्ड्यात पडल्या व पाय मोडला. त्यातून त्या कधीच नीट सावरल्या नाहीत. जवळजवळ वीस वर्षे त्यांचे जग एका खोलीपुरते राहिले. तेथूनच त्यांनी अनेक पुस्तके लिहिली, कार्यकर्त्यांना चिठ्ठ्या धाडल्या, मुलांच्या वाढदिवसांची आठवण ठेवली. पायाला भिंगरी असलेल्या या बाईंना ही स्थिती किती जड गेली असेल!

18 जानेवारी 1951 रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, डोहनावुरासच त्यांचे देहावसान झाले. आपल्या थडग्यावर शिला नसावी अशी त्यांची इच्छा होती. ती मुलांनी पाळली. पण झाडांच्या सावलीतील त्या जागेवर त्यांनी पाखरांना पाणी पिण्यासाठी एक दगडी पात्र बसविले आणि त्यावर नाव कोरताना अम्मा याच अर्थाचा एक तामिळ शब्द तेवढा कोरला.