एकट्याच्या जहाजाला कुणी विचारत नव्हतं, म्हणून वालचंद हिराचंद यांनी व्यापाऱ्यांची संघटना हाताशी धरली

रावळगावची पान पसंद गोळी तुम्ही खाल्ली असेल. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीत बसला असाल. आणि एचएएलचं नाव माहीत नसलेला माणूस तर आता शोधावा लागेल. गोळ्या, टॅक्सी आणि लढाऊ विमानं यांचा एकमेकांशी काय संबंध? तर या तिन्ही कंपन्या सुरू करणारा माणूस एकच होता. सोलापूरचे वालचंद हिराचंद.

वालचंद यांच्यावरच्या पोस्ट दर वर्षी फिरतात. जहाजं, विमानं, मोटारी, साखर कारखाने अशी लांबलचक यादी असते आणि खाली सलामाच्या इमोजी. पण त्या यादीत एक गोष्ट हमखास राहून जाते. या माणसाने आयुष्यातली कित्येक वर्षं चेंबर ऑफ कॉमर्सच्या मीटिंगांमध्ये घालवली.

ऐकायला बोअर वाटतं, मान्य आहे. चेंबर म्हटलं की आपल्याला हार, शाल आणि लांबलेली भाषणं आठवतात. पण वालचंद तिथे का गेले हे कळायला आधी त्यांच्या जहाजाची गोष्ट माहीत हवी.

जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापूर. घराणं मूळचं गुजराती जैन, सोलापुरात स्थायिक झालेलं. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. वालचंद शिकायला मुंबईला गेले, पण कॉलेज अर्धवट सोडून धंद्यात आले. घरच्या पेढीवर त्यांचं मन काही रमेना. त्याच सुमारास लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेत कारकून म्हणून काम केलेले गृहस्थ त्यांना भेटले. फाटकांकडे रेल्वेच्या कामाची माहिती होती, वालचंद यांच्याकडे भांडवल होतं. दोघांनी मिळून ठेकेदारी सुरू केली. पहिलं काम मिळालं बार्शी लाईट रेल्वेचं, येडशी ते तडवळे. कामं वाढत गेली आणि पुढे भोर घाटातल्या बोगद्यांपर्यंत पोहोचली. आजची हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, म्हणजे एचसीसी, याच ठेकेदारीतून उभी राहिली.

ठेकेदारीत वालचंद यांना एक गोष्ट पक्की कळली होती. गिऱ्हाईक सरकार असलं की नुसतं काम चांगलं करून भागत नाही. नियम कोण लिहितंय, इकडेही लक्ष ठेवावं लागतं.

आता येऊया १९१९ मध्ये. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे 'लॉयल्टी' नावाचं एक जहाज होतं. मूळची ही कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. युद्धात जखमी सैनिकांसाठी महाराजांनी ती हॉस्पिटल जहाज म्हणून चालवली. युद्ध संपल्यावर ती विकायची आहे, ही बातमी वालचंद यांच्या कानावर आली. जहाजाच्या धंद्यातलं त्यांना काहीही कळत नव्हतं, पण त्यांनी डाव टाकला. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांना सोबत घेऊन सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ५ एप्रिल १९१९ ला लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढचं फारसं कुणी सांगत नाही, कारण पुढे मार खायचे दिवस होते.

भारताच्या किनाऱ्यावरची बहुतेक माल वाहतूक तेव्हा ब्रिटिश कंपन्यांच्या हातात होती. त्यात सगळ्यात मोठी ब्रिटिश इंडिया कंपनी, तिचे सर्वेसर्वा लॉर्ड इंचकेप. सिंदियाची जहाजं ज्या मार्गावर दिसतील, त्या मार्गावरचं भाडं ते पाडायचे. इंचकेप यांच्याकडे जगभरात जहाजं होती. एका मार्गावरचा तोटा दुसऱ्या मार्गावर भरून निघायचा. सिंदियाला ती सोय नव्हती.

त्यातही खरी मेख होती डिफर्ड रिबेटची. समजा, तुम्ही रंगूनहून मुंबईला तांदूळ आणणारे व्यापारी आहात. ब्रिटिश कंपनी तुम्हाला सांगते की भाड्यातले काही टक्के आम्ही परत देऊ, पण लगेच नाही. अमुक महिने फक्त आमच्याच जहाजाने माल पाठवा, त्यानंतरचेही काही महिने आमच्याशीच राहा, मग पैसे मिळतील. मधेच एखादी खेप सिंदियाच्या जहाजाने पाठवली की साठलेली सगळी रक्कम गेली. म्हणजे तुमचेच पैसे तुमच्याच विरोधात ओलीस. व्यापारी मनातून कितीही स्वदेशी असला, तरी हिशोबाच्या वहीपुढे त्याचा नाइलाज व्हायचा.

शेवटी १९२३ मध्ये सिंदियाने इंचकेप यांच्याशी दहा वर्षांचा करार केला. भाडं पाडण्याची लढाई थांबली, पण किंमत जबर होती. सिंदियाने ठरावीक टनांपेक्षा जास्त जहाजं बाळगायची नाहीत आणि प्रवासी वाहतुकीत पडायचं नाही. कंपनी जगली, पण गळ्यात पट्टा बांधून. लॉयल्टी तर त्याच वर्षी मुंबईत भंगारात निघाली.

आणि हे लॉर्ड इंचकेप होते कोण? नुसते जहाजवाले नव्हते. तरुणपणी ते कलकत्त्याच्या बंगाल चेंबर ऑफ कॉमर्सचे अध्यक्ष होते. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात बसलेले होते. सिंदियाशी करार झाला त्याच सुमारास हिंदुस्थान सरकारचा खर्च कुठे कापायचा हे ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच होते. म्हणजे समुद्रात तुमच्याशी भांडणारा माणूस सरकारदरबारी सल्लागार म्हणून बसलेला. तुम्ही तक्रार करणार कुणाकडे?

मला वाटतं, वालचंद यांच्या आयुष्यातलं वळण जहाज विकत घेतल्यावर आलं नाही, ते इथे आलं. आणखी दहा जहाजं घेऊन हा प्रश्न सुटणारा नव्हता. कायदा बदलायला हवा होता आणि एका कंपनीच्या अर्जावर कायदा बदलत नसतो.

ब्रिटिश व्यापाऱ्यांना हे कितीतरी वर्षं आधीच कळलं होतं. बॉम्बे चेंबर ऑफ कॉमर्स १८३६ चं. त्यावर वर्चस्व युरोपियन पेढ्यांचं. हिंदी व्यापाऱ्यांनी स्वतःचं इंडियन मर्चंट्स चेंबर काढलं ते १९०७ मध्ये. हे चेंबर म्हणजे नुसता क्लब नव्हता. कायदेमंडळात, पोर्ट ट्रस्टसारख्या संस्थांमध्ये चेंबरने निवडून दिलेली माणसं बसायची. सरकार नव्या विधेयकांवर चेंबरचं मत मागवायचं. बंदरात धक्का कुणाला मिळणार, रेल्वेचं भाडं किती, कुठल्या मालावर जकात, हे जिथे ठरायचं तिथे चेंबरची खुर्ची असायची.

वालचंद १९२७ मध्ये इंडियन मर्चंट्स चेंबरचे अध्यक्ष होते. त्याच वर्षी घनश्यामदास बिर्ला आणि पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्या पुढाकाराने देशभरातल्या हिंदी चेंबर्सचा महासंघ, म्हणजे फिक्की, स्थापन झाला. आणि त्याच वर्षी वालचंद यांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्स उभं केलं.

हे तिसरं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मुंबईतल्या शेठ लोकांचं चेंबर आधीच होतं की, मग वेगळं कशाला? कारण सोलापूर, सांगली, जळगावच्या पेठेतल्या व्यापाऱ्याची अडचण मुंबईच्या फोर्टमध्ये बसून कळत नव्हती. त्याचा प्रश्न लंडनच्या हुंडणावळीचा नसायचा. त्याला वॅगन वेळेवर हवी असायची. वालचंद स्वतः त्याच पेठेतून आलेले. ते या चेंबरचे अध्यक्ष राहिले १९३८ पर्यंत, सलग अकरा वर्षं. हातात जहाजं, ठेकेदारी, साखर असताना अकरा वर्षं जिल्ह्याजिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांची गाऱ्हाणी ऐकणं हे हौसेचं काम नव्हे.

आता या संघटनांच्या जोरावर जहाजांच्या प्रश्नाचं काय झालं? तर, सुरुवातीला काहीच नाही.

सरकारनेच नेमलेल्या मर्कंटाइल मरीन समितीने १९२४ मध्ये सांगितलं होतं की भारताची किनारी वाहतूक हळूहळू भारतीय जहाजांसाठी राखून ठेवावी. सरकारने त्यातली सोपी शिफारस उचलली. १९२७ मध्ये मुंबईत 'डफरिन' हे ट्रेनिंग जहाज सुरू केलं, तिथे हिंदी मुलं नौकानयन शिकू लागली. शिकून त्यांनी नोकरी कुठल्या जहाजावर करायची, हा प्रश्न तसाच राहिला. १९२८ मध्ये साराभाई हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात किनारी वाहतूक राखून ठेवण्याचं विधेयक आणलं. हे हाजी सिंदिया कंपनीशी संबंधित होते, ही गोष्ट लपलेली नव्हती. विरोधकांनी अर्थातच तिच्यावर बोट ठेवलं.

आणि इथे थोडं थांबायला हवं, कारण प्रश्न रास्त आहे. वालचंद देशासाठी लढत होते की सिंदियाच्या नफ्यासाठी? खरं सांगायचं तर दोन्हींसाठी. चेंबरमध्ये बसलेल्या तांदळाच्या किंवा कापसाच्या व्यापाऱ्याला स्वस्त भाडं हवंच होतं. भाडं पाडण्याच्या लढाईत त्याचा तर फायदाच होत होता. स्पर्धा संपली की हेच भाडं उद्या वाढणार, हे त्याला पटवून द्यावं लागत होतं. जे एका कंपनीचं रडगाणं वाटलं असतं, तेच संघटनेच्या ठरावातून आल्यावर देशाचं धोरण म्हणून उभं राहिलं. संघटनेचा हा फायदा, आणि धोकाही हाच.

हाजी यांचं विधेयक काही पास झालं नाही. १९३२-३३ मध्ये वालचंद फिक्कीचे अध्यक्ष झाले. नव्या राज्यघटनेवर तेव्हा लंडनमध्ये खल चालू होता आणि ब्रिटिश कंपन्यांना त्यात कायमचं संरक्षण हवं होतं. फिक्कीने जोरदार विरोध केला, तरी १९३५ च्या कायद्यात ती कलमं आलीच. भारतीय जहाजांना झुकतं माप देणं आता कायद्यानेच अवघड झालं. म्हणजे आठ वर्षं मीटिंगा, निवेदनं, शिष्टमंडळं, आणि हातात आलं पाणी.

वालचंद प्रत्येक वेळी बरोबर वागले असंही नाही. १९३६ मध्ये काँग्रेस अध्यक्ष म्हणून नेहरूंनी समाजवादाचा उघड पुरस्कार केला. त्यावर मुंबईतल्या २१ उद्योगपतींनी नेहरूंच्या विरोधात जाहीर पत्रक काढलं, त्यात वालचंद यांची सही होती. बिर्ला यांना हे अजिबात आवडलं नाही. त्यांनी वालचंद यांना पत्र लिहून चांगलंच सुनावलं. बिर्लांचा मुद्दा असा, की श्रीमंतांनीच खाजगी मालमत्तेची बाजू जाहीरपणे घेतली तर लोक त्यांच्याकडे संशयानेच बघणार. काँग्रेसमधल्या मवाळ नेत्यांचे हात आपण बळकट करायला हवेत. राजकारण बिर्लांना जास्त कळत होतं, हे मान्य करावं लागतं. वालचंद यांचा स्वभाव सरळ अंगावर जाण्याचा. चेंबरच्या मीटिंगमध्ये तो कामी यायचा, पण दर वेळी नाही.

त्यानंतरचं दशक धावपळीचं. १९३९ मध्ये विल्यम पॉली हा विमानांच्या धंद्यातला अमेरिकन भेटला. त्या ओळखीतून डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली, पण युद्धामुळे १९४२ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली. २१ जून १९४१ ला राजेंद्र प्रसादांच्या हस्ते विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याची पायाभरणी झाली, तर पुढच्याच वर्षी जपानने शहरावर बॉम्ब टाकले. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स आली. त्याच वर्षी आठ जणांनी मिळून प्रसिद्ध बॉम्बे प्लॅन मांडला. ठाकुरदास आणि बिर्ला दोघेही त्यात होते. वालचंद यांचं नाव त्यात नाही.

१४ मार्च १९४८ ला विशाखापट्टणममध्ये 'जलउषा' पाण्यात उतरली. स्वतंत्र भारतात बांधलेलं हे पहिलं मोठं जहाज. ते पाण्यात सोडायला पंतप्रधान आले होते. म्हणजे तेच नेहरू, ज्यांच्या विरोधातल्या पत्रकावर बारा वर्षांपूर्वी वालचंद यांनी सही केली होती.

आणि ज्या मागणीसाठी चेंबरची टेबलं झिजवली होती, ती स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच मान्य झाली. १९४७ मध्ये सरकारच्याच समितीने किनारी वाहतूक पूर्णपणे भारतीय जहाजांसाठी ठेवण्याची शिफारस केली आणि पन्नासच्या दशकात ते धोरण म्हणून लागू झालं. मुद्दे नवे नव्हते. वीस-पंचवीस वर्षांच्या ठरावांमध्ये आणि निवेदनांमध्ये ते लिहून तयार होते. फक्त वाचणारं सरकार बदललं होतं.

पण या सरकारला कारखानेही स्वतःचे हवे होते. १९५२ मध्ये विशाखापट्टणमचा जहाज कारखाना सरकारच्या ताब्यात गेला. तोपर्यंत आजारपणामुळे वालचंद धंद्यातून बाजूला झाले होते. त्या काळात पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची काळजी घेतली. ८ एप्रिल १९५३ ला गुजरातमध्ये सिद्धपूर इथे ते गेले.

लॉयल्टी निघाली तो ५ एप्रिल हा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिवस म्हणून पाळला जातो. त्यांनी काढलेलं महाराष्ट्र चेंबर आजही चालू आहे, आता नावात व्यापाराच्या जोडीला उद्योग आणि शेतीही आहे. सिंदिया कंपनीची जहाजं मात्र कधीच थांबली. मुंबईत बॅलार्ड इस्टेटला गेलात तर सिंदिया हाउस ही तिची भलीमोठी इमारत अजून दिसते. आत पुढे इन्कम टॅक्सची ऑफिसं आली.