श्रीसंत सेवालाल महाराज : सकळ जीवांचे भाऊ

वारकरी माउलींनो, संतचरित्र म्हटले की आपली पावले आपोआप देहू, आळंदी, पैठण, तेर, अरण या वाटांना लागतात. त्यात वावगे काही नाही; ते आपले माहेरच आहे. परंतु शेजारच्या घरी कोण थोर पुरुष होऊन गेला याची खबरच नसावी, इतकी माहेराची ओढ असू नये. आम्ही दिग्रसचे. यवतमाळ जिल्ह्यातले, धावंडा नदीकाठचे हे गाव. याच तालुक्यात रुई येथे बंजारा समाजाचे परमपूज्य संत श्रीसेवालाल महाराज यांनी देह ठेवला. भक्तजन त्या स्थानाला रुईगड म्हणतात. आम्ही या मुलखात उभा जन्म कीर्तन केले. पण हे नाव आमच्या मुखी आले ते वयाची तिशी उलटल्यावर. असे का झाले ते पुढे सांगूच. आधी चरित्र ऐकावे.

महाराजांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ चा मानतात. त्याच वर्षी तिकडे नादिरशहाने दिल्ली लुटली आणि इकडे चिमाजी अप्पांनी वसई घेतली. राजे आणि सरदार मुलूख कमावण्यात व गमावण्यात गुंतले होते; आणि ज्यांचे घरच बैलाच्या पाठीवर, अशा लोकांच्या तांड्यात हे बालक जन्मास आले. जन्मस्थान म्हणून आंध्रात अनंतपूर जिल्ह्यातील गुत्तीजवळच्या सेवागडाचे नाव घेतात. कर्नाटकातील सूरगोंडनकोप्प हे स्थानही तितक्याच श्रद्धेने पूजिले जाते. पित्याचे नाव भीमा नाईक, मातेचे धरमणी याडी. नाईक म्हणजे तांड्याचा प्रमुख आणि याडी म्हणजे आई.

आता तांडा म्हणजे काय, हे नीट समजून घेतल्याशिवाय या संताचे हृदय कळायचे नाही. त्या काळी पक्के रस्ते नव्हते, आगगाडी नव्हती. समुद्रकाठचे मीठ घाटावर यायचे आणि पिकल्या मुलखाचे धान्य दुष्काळी मुलखात जायचे ते बंजाऱ्यांच्या बैलांवरून. पाठीच्या दोन्ही बाजूंना गोण्या लादलेले शेकडो, प्रसंगी हजारो बैल चरत चरत पुढे सरकत. लवण वाहणारे म्हणून लमाण आणि वाणिज्य करणारे म्हणून बंजारा, अशी या नावांची फोड करतात. आठ महिने चालावे आणि पावसाळ्याचे चार महिने चारापाणी पाहून कुठेतरी तळ द्यावा, असा तो संसार. विचार करा मंडळी! वाटेत गवत नसेल तर बैल मरतो, आणि बैल मेला तर माणूस मरतो. झरा आटला की सगळेच संपले. वाटेवरच्या अनोळखी गावाने मीठ घेतले नाही तर पोराबाळांच्या पोटात घास जात नाही. शेतकऱ्याला निदान बांध तरी असतो. माझे इथवर, पुढचे तुझे, असे तो म्हणू शकतो. तांड्याला बांधच नाही. आम्ही पाठशाळेत अद्वैत शिकलो ते पोथीवर बोट ठेवून. या बालकाने ते गुरांच्या मागे चालताना शिकले.

महाराजांच्या गोधनाचा आकडा परंपरेने ३,७५५ सांगितला आहे. गरासिया नावाचा त्यांचा वळू आणि तोळाराम नावाचा घोडा यांची नावे तांड्यांतील गीतांतून आजही गाइली जातात. एखाद्या राजाच्या घोड्याचे नाव इतिहासात राहते ते लढाईमुळे. इथे जनावरांची नावे राहिली ती ती घरची माणसे होती म्हणून! त्यांच्या बाळपणीची एक कथा सर्वत्र प्रसिद्ध आहे. रानात सवंगड्यांसह गुरे राखताना त्यांनी ओढ्याकाठच्या चिखलाचा शिरा केला आणि सर्वांना पोटभर वाढला. चमत्कार खरा की खोटा हा वाद पंडितांनी घालावा. आम्हाला कीर्तनकाराला त्यातली खूण पुरते. माती हीच अन्न आहे, आणि ते वाटून खायचे आहे, हे त्या पोराला कळले होते. गोकुळातला काला याहून निराळा काय असतो?

पुढे जगदंबेचा प्रसंग येतो, आणि चरित्राचा कणा तोच आहे. कथा अशी की देवीने सेवालालांना आपला भक्त म्हणून मागितले. परंतु देवीच्या पूजेत पशूचा बळी, आणि यांचे मन जीवहत्येला काही केल्या तयार होईना. त्यांनी नकार दिला. मग तांड्यावर संकटांमागून संकटे आली, गुरेढोरे आणि माणसे हवालदिल झाली. शेवटी आपल्या आश्रितांचे हाल पाहवेनात म्हणून त्यांनी देवीला आई मानले आणि तिची सेवा पत्करली. स्वतःच्या व्रताचा मात्र त्यांनी त्याग केला नाही. आजही सेवालाल महाराजांच्या नावाने जो भोग लागतो तो गूळ, गहू आणि तूप यांचा, गोडाचा. अग्नीत तो अर्पण करतात. आईही सोडली नाही आणि मुकी लेकरेही सोडली नाहीत. दोहोंपैकी एकाला सोडणे सोपे होते बरं का! दोघांना धरून ठेवणे, यातच संतपण आहे.

महाराज आजन्म ब्रह्मचारी राहिले. संसार केला नाही, म्हणून सगळा तांडाच संसार झाला. दक्षिणेत निजामाच्या मुलखापासून वऱ्हाडापर्यंत ते फिरले. हैदराबाद शहरात बंजारा हिल्स म्हणून जी वस्ती आहे तिच्या नावात त्या जुन्या तळांची आठवण अजून आहे. साथीच्या रोगात त्यांनी लोकांना वाचविल्याच्या कथाही सांगतात. उपदेश साधा होता. चोरी करू नये, खोटे बोलू नये, दारूपासून दूर राहावे, झाडांना आणि जनावरांना जपावे. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती तर आम्हा शास्त्र शिकलेल्यांनी कान धरून ऐकावी. काहीही आधी जाणून घ्यावे, मग पारखून पाहावे आणि नंतरच मानावे. एक दिवस वाटीभर पाण्याला रुपया मोजावा लागेल, असे त्यांचे भाकीत परंपरेने जपले आहे. जो पाण्याच्या मागे जन्मभर चालला त्यालाच हे दिसणार. आज एस.टी. स्थानकावर पाण्याची बाटली विकत घेताना आम्हाला ते हमखास आठवते.

अखेरची वर्षे वऱ्हाडात गेली. तो काळ मोठा धामधुमीचा होता. १८०३ साली अडगाव आणि गाविलगड येथे इंग्रजांशी लढाया झाल्या आणि भोसल्यांचा वऱ्हाड निजामाकडे गेला. अशा दिवसांत, ४ डिसेंबर १८०६ रोजी, रुईगडी महाराजांनी देह ठेवल्याचे मानतात. समाधी पोहरागडी, म्हणजे आजच्या वाशीम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे आहे. बंजारा बांधव त्या क्षेत्राला आपली काशी म्हणतात. रामनवमीला तेथे देशभरातून यात्रा लोटते. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी तेथे बंजारा विरासत संग्रहालयही उघडले.

आता आमची गोष्ट. तीसएक वर्षे झाली असतील. एका गावी कीर्तन ठरले होते, गाडी चुकली, म्हणून भर वैशाखात पायी निघालो. दुपारी एका तांड्याच्या निंबाखाली टेकलो. घशाला कोरड पडलेली. एका म्हातारीने तांब्याभर पाणी आणून पुढे ठेवले. आणि आम्ही, वारीत अनोळख्याच्या पायावर डोके ठेवणारे आम्ही, सोवळ्याच्या अभिमानाने ते घेतले नाही. आमच्याजवळ पाणी आहे असे खोटेच सांगितले. म्हातारी रागावली नाही. तिने ते पाणी निंबाच्या बुंध्याशी पाखरांसाठी ठेवलेल्या फुटक्या परळात ओतले.

उन्हे उतरेपर्यंत उठवेना. तेवढ्यात तिथे सेवाभायाचा भोग लागला. निखाऱ्यावर तूप पडले आणि सगळे हात जोडून त्यांच्या बोलीत प्रार्थना म्हणू लागले. आम्ही एका शाळकरी पोराला अर्थ विचारला. तो म्हणाला की ही सगळ्यांचे बरे व्हावे म्हणून केलेली विनवणी आहे. सगळ्यांचे म्हणजे कोणाचे, असे विचारता त्याने बोटे मोजली. जीवजंतूंचे, झाडाझुडपांचे, किडामुंगीचे, गाईगुरांचे, आणि मग माणसांचे. घरच्या लेकरांचे मागणे सगळ्यात शेवटी होते!

माउलींनो, पसायदानावर आम्ही तोवर कित्येक कीर्तने केली होती. सर्व भूतांच्या मैत्रीचे मागणे माउलींनी केले, ते आम्ही व्याकरणासह उलगडून सांगत असू. पण त्या दिवशी आमच्या मैत्रीत एक तांब्या पाणीसुद्धा मावले नाही. आणि ज्यांना इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने इतर कित्येक जमातींबरोबर जन्मजात गुन्हेगार ठरविले, ज्यांच्यावरचा तो डाग ३१ ऑगस्ट १९५२ ला कुठे कायद्याने पुसला गेला, त्या समाजाची म्हातारी मुंगीचेही बरे मागत होती. त्या मागण्यात आम्हीही होतो.

आम्ही उठलो आणि तिच्याकडे पाणी मागून घेतले. गोड होते.

तेव्हापासून कीर्तनात हे चरित्र सांगतो. बंजारा लोक महाराजांना सेवाभाया म्हणतात. भाया म्हणजे भाऊ. बाबा नव्हे, स्वामी नव्हे, भाऊ! गुरूच्या पाया पडून घरी जाता येते. भावाचे नाते मात्र घरापर्यंत मागे येते, आणि त्याचे भाऊबंद ते आपले भाऊबंद होतात. त्याची गाय, त्याचा निंब, त्याची मुंगी, सगळी सोयरीक अंगावर पडते.

पंढरीच्या वाटेने जाणाऱ्या वऱ्हाडातील मंडळींनी एकदा वाट वाकडी करून रुईगडी आणि पोहरागडी माथा टेकावा, ही विनंती. आणि वाटेत तांडा लागला, कोणी पाणी पुढे केले, तर आमच्यासारखे करू नये. प्यावे, आणि उरलेले झाडाच्या बुंध्याशी घालावे.

राम कृष्ण हरी.