पंडिता रमाबाईंच्या दोन तक्रारी

इस्पितळातून परतलेली बाई शेजारणीपाशी सारे सांगते. तपासताना आडोसा नव्हता, सुई कसली टोचली ते कळले नाही, तीच तपासणी पुन्हा कशाला हे विचारावयाचे धैर्य झाले नाही. डॉक्टरांपुढे मात्र ती गप्प असते. आपल्या मिरा-भाईंदरमध्ये केसपेपर हातात घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या भगिनींना हे सांगावयास नको. म्हणूनच या स्मरणिकेसाठी पंडिता रमाबाईंची आठवण झाली.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकविले आणि आईने लेकीस. पुढे दुष्काळाच्या भटकंतीत आईवडील गेले, बहीण गेली, मग भाऊही गेला. फेब्रुवारी १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी पटकीने वारले. पदरी तान्ही मनोरमा, आणि स्वतःचे वय अवघे तेवीस!

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला आणि हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. कमिशन शिक्षणासंबंधी होते. बाईंनी त्यापुढे दुखण्याची गोष्टही काढली. पुरुष डॉक्टरास सांगता येत नाही म्हणून बायका दुखणे अंगावर काढून मरतात, तेव्हा स्त्रियांस वैद्यकी शिकवा, हे त्यांचे मागणे. १८८५ साली लेडी डफरिन फंड निघाला, त्यामागे या साक्षीचाही हात होता असे मानतात.

रमाबाई स्वतः वैद्यकी शिकण्याच्या इच्छेने १८८३ साली इंग्लंडला गेल्या, परंतु ऐकू कमी येत असल्याने ते साधले नाही. (तेथे त्या ख्रिस्ती झाल्या व इकडे केवढे वादळ उठले, तो विषय वेगळा.) १८८६ साली आपल्या ठाणे जिल्ह्यातील कल्याणच्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या. त्या समारंभास रमाबाई मुद्दाम गेल्या. आपल्याला न लाभलेली पदवी दुसरीच्या हाती पाहताना त्यांना काय वाटले असेल!

दुसरी तक्रार १८९७ ची. पुण्यात प्लेग होता. नव्या साथरोग कायद्याच्या जोरावर माणसे घरांतून उचलून इस्पितळात नि छावणीत नेली जात. शारदासदन तोवर मुंबईहून पुण्यास आले होते आणि दुष्काळातून वाचविलेल्या मुलीही रमाबाईंच्या आश्रयास होत्या. प्लेगच्या इस्पितळात तरुण स्त्रियांची अब्रू सुरक्षित नाही, तेथे नेलेली आपली एक मुलगी हातची गेली, असे पत्र त्यांनी मुंबईच्या एका इंग्रजी साप्ताहिकास लिहिले. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी आरोप खोटा ठरविला. ज्या बाईस लोक साहेबांच्या बाजूची म्हणून टोचीत, तिनेच साहेबांच्या इस्पितळाविरुद्ध सही करून लिहिले होते.

पुढचे सारे आयुष्य केडगावच्या मुक्तिसदनात गेले. मनोरमा १९२१ साली गेली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई.