आंद्रेस बेयो

आंद्रेस बेयो (२९ नोव्हेंबर १७८१, काराकास – १५ ऑक्टोबर १८६५, सान्तियागो) हे व्हेनेझुएलात जन्मलेले व चिलीत स्थायिक झालेले स्पॅनिश व्याकरणकार, कवी, विधिज्ञ आणि शिक्षणतज्ज्ञ होते. स्पॅनिश क्रियापदांच्या काळांची त्यांनी केलेली मांडणी विशेष प्रसिद्ध आहे.

जीवन

तरुणपणी त्यांनी काही काळ सिमोन बोलिव्हार यांना शिकवले. १८१० मध्ये बोलिव्हार यांच्यासह ते शिष्टमंडळातून लंडनला गेले. मायदेशातील प्रजासत्ताक कोसळल्यावर त्यांचे वेतन थांबले. तेथील १९ वर्षे बव्हंशी आर्थिक विवंचनेत गेली. १८२१ मध्ये पत्नीचे निधन झाले. तरीही ब्रिटिश म्युझियममध्ये त्यांनी 'सिद'च्या मध्ययुगीन महाकाव्याचा अभ्यास चालू ठेवला. १८२९ मध्ये ते चिलीला गेले. १८४३ पासून मृत्यूपर्यंत ते चिली विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांनी रचलेली चिलीची दिवाणी संहिता १८५५ मध्ये संमत झाली व १ जानेवारी १८५७ पासून अमलात आली.

व्याकरणविषयक कार्य

लॅटिनच्या विघटनातून जशा अनेक भाषा निर्माण झाल्या, तशीच अमेरिकेतील नवस्वतंत्र देशांत स्पॅनिशची शकले होतील, ही बेयो यांची मुख्य चिंता होती. त्यासाठी त्यांनी १८४७ मध्ये अमेरिकेतील भाषकांसाठी स्पॅनिशचे व्याकरण प्रसिद्ध केले. काळांविषयीचा त्यांचा प्रबंध त्यापूर्वी, १८४१ मध्ये, छापला गेला होता.

लॅटिनचा साचा स्पॅनिशवर लादणे त्यांना अमान्य होते. तत्कालीन अकादमीच्या व्याकरणात 'अमारा', 'अमारिआ' व 'अमासे' ही रूपे संभावनार्थाच्या अपूर्ण भूतकाळात एकत्र दिली जात. बेयो यांनी 'अमारिआ' वेगळे काढून स्वार्थात ठेवले. उरलेली दोन रूपे मुख्य क्रियापदाच्या संदर्भाने भूतकाळ, त्याच्याशी समकालीन किंवा त्यानंतरची क्रिया दर्शवतात, असे त्यांनी दाखवले.

कर्मवाचक सर्वनाम कर्त्याकडेच वळते, अशा आत्मवाचक रचनेचेही त्यांनी विवेचन केले. रूप आत्मवाचक, पण अर्थ तसा नाही, अशा रचनांना त्यांनी 'आभासी आत्मवाचक' अशा अर्थाची संज्ञा दिली. 'अलेग्रारसे' (आनंदित होणे) या क्रियापदात कर्ता स्वतःवर कोणतीही क्रिया करत नाही. ही क्रियापदे संभावनार्थात आली तरी सर्वनाम कर्त्यानुसारच बदलते: 'केरीआ के से लेवान्तारा' म्हणजे 'त्याने उठावे अशी तिची इच्छा होती', तर 'केरीआ के मे लेवान्तारा' म्हणजे 'मी उठावे अशी तिची इच्छा होती'. क्रियापदाचे रूप दोन्हींकडे सारखेच असल्याने पुरुषभेद सर्वनामावरून कळतो. मराठीत हा अर्थ विध्यर्थी 'उठावे' या रूपाने व्यक्त होतो.

प्रभाव

कोलंबियाचे भाषातज्ज्ञ रुफिनो होसे क्वेर्वो यांनी बेयो यांच्या व्याकरणाला विस्तृत टिपा जोडल्या. 'अमारिआ' हे रूप आज अकादमीही स्वार्थातच गणते. बेयो यांना ज्याची भीती वाटत होती, ते स्पॅनिशचे विघटनही घडले नाही.