मौलाना आझाद: गुप्त गटातून मदरशाकडे

११ नोव्हेंबरला जालना जिल्ह्यातल्या शाळांत राष्ट्रीय शिक्षण दिन होतो. मौलाना अबुल कलाम आझादांच्या तरुणपणाची एक गोष्ट मात्र आपण मुलांना सहसा सांगत नाही.

जन्म १८८८ चा, मक्केतला. बालपण कलकत्त्यात गेलं. वालिद खैरुद्दीन कडक पीर, त्यामुळे तालीम घरातच झाली. पण सर सय्यद यांचं लिखाण हाती पडलं आणि पोराला प्रश्न पडू लागले. शंकांनी काही वर्षं बेचैन केलं. त्यातूनच ‘आझाद’ हे नाव आलं.

त्याच सुमारास, बंगालच्या फाळणीच्या संतापात, ते क्रांतिकारकांच्या गुप्त गटात शिरले. लढा इंग्रजांशी होता, आज मोबाईलवरून पसरणाऱ्या जहराशी त्याची बरोबरी आम्ही करत नाही. पण वय तेच, आणि राग कुठे न्यायचा हा सवालही तोच.

आझादांनी तो राग छापखान्यात नेला. १९१२ मध्ये ‘अल-हिलाल’ काढलं. सरकारने रांचीत नजरकैदेत ठेवलं, तर तिथे मदरसा उभा केला! १९२० पासून गांधीजींबरोबर अहिंसक असहकारात उतरले.

१९४२ मध्ये त्यांना आपल्या जवळच्याच अहमदनगर किल्ल्यात डांबलं. १९४३ मध्ये बायको झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. त्यांच्या आजारपणातही मौलानांनी सरकारकडे सवलत मागितली नाही. कैदेत ते लिहीत राहिले.

आझादीनंतर ते देशाचे पहिले शिक्षणमंत्री झाले. चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षण हा त्यांचा आग्रह. खरगपूरची आयआयटी त्यांच्याच काळातली. २२ फेब्रुवारी १९५८ ला इंतकाल झाला, तेव्हाही शिक्षण खातं त्यांच्याकडेच होतं.