कॉम्प्युटरला माणसाची भाषा शिकवणारी ग्रेस

समजा, तुम्ही धावड्याचे. भोकरदन तालुक्यातलं गाव. स्कॉलरशिपचा फॉर्म भरायची आज शेवटची तारीख. झेरॉक्सच्या दुकानात तासभर टायपिंग करून तुम्ही बटण दाबता आणि स्क्रीनवर एक चौकोन उगवतो. लाल फुली, ‘इनव्हॅलिड इनपुट’ हे दोन शब्द, खाली कसला तरी आकडा आणि एकच बटण : ‘ओके’. आता यात ओके काय आहे? कुठे चुकलं, पुढे काय करायचं, काहीच कळत नाही. मागे रांग वाढतेय, आणि आपल्यालाच काही येत नाही असं वाटून तुम्ही गप्प उठता.

असं उठण्याआधी ग्रेस हॉपर या बाईंची गोष्ट वाचा.

ग्रेसचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कमधला. सातव्या वर्षी तिने घरातली गजराची घड्याळं एकामागून एक उघडून ठेवली. सात घड्याळं खोलून झाल्यावर आईच्या लक्षात आलं. आईने काय केलं? उचकापाचक बंद केली नाही. फक्त एकच घड्याळ घे, एवढी अट घातली. पुढे सोळाव्या वर्षी लॅटिनच्या पेपरात मार्क कमी पडले आणि व्हासार कॉलेजचा प्रवेश हुकला. एक वर्ष थांबून तिने तो मिळवलाच. पुढे व्हासारमध्येच ती शिकवू लागली आणि शिकवता शिकवता १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएच.डी. केली.

दुसरं महायुद्ध सुरू झालं. नौदलात जायचं, तर वय जास्त आणि वजन कमी. खास सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये ती भरती झालीच. तिला पाठवलं हार्वर्डला, ‘मार्क वन’ या गणनयंत्रावर. यंत्र कसलं, सुमारे पंधरा मीटर लांबीचं धूड! १९४७ मध्ये त्याच्या पुढच्या ‘मार्क टू’मध्ये बिघाड झाला, तेव्हा आत एक पतंग अडकलेला सापडला. तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. ‘बग’ हा शब्द त्याआधीपासून वापरात होता, पण पतंगाचा हा किस्सा जगभर पोचला तो ग्रेसमुळे. ती वही आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

खरी गोष्ट यापुढे आहे. तेव्हा प्रोग्रॅम आकड्यांत लिहावे लागत. जुन्या प्रोग्रॅममधले तुकडे हाताने उतरवून घेताना हुशार माणसंही चुकायची. ग्रेसने त्यांना दोष दिला नाही. माणूस उतरवताना चुकणारच, मग उतरवायचं काम यंत्रालाच का देऊ नये, असा तिचा सरळ हिशेब. त्यातून १९५२ मध्ये ‘ए-झिरो’ हा कंपायलर तयार झाला. कॉम्प्युटर फक्त आकडेमोड करतो, हे डोक्यात पक्कं बसलेल्या लोकांना तो पटेना.

मग ती आणखी पुढे गेली. आकडे कशाला, साध्या इंग्रजी शब्दांत आज्ञा देऊ! शब्द बदलले तरी आतलं काम तेच राहतं, हे दाखवायला तिने फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही प्रोग्रॅम चालवून दाखवले. साहेब लोक हबकले. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला फ्रेंच कसं कळेल? शेवटी फक्त इंग्रजीच, असं कबूल करून तिने काम पुढे रेटलं. त्यातून ‘फ्लो-मॅटिक’ आली आणि तिच्या पायावर १९५९ मध्ये ‘कोबोल’ची आखणी सुरू झाली.

१९६६ मध्ये नौदलाने तिला निवृत्त केलं, पुढच्याच वर्षी परत बोलावलं. १९८६ मध्ये ती कायमची निवृत्त झाली, तेव्हा वय ७९ आणि हुद्दा रिअर ॲडमिरलचा. तिच्या ऑफिसातलं घड्याळ उलटं फिरायचं. पूर्वीपासून असंच चालत आलंय, असं म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं. १ जानेवारी १९९२ रोजी ती गेली.

तोवर खिडक्या आणि माऊसवाले कॉम्प्युटर आले होते. १९८४ चा मॅकिंटॉश अडकला, की पडद्यावर बॉम्बचं चित्र आणि एक आकडा यायचा. पडदा देखणा झाला, पण बोलणं मात्र अजून आकड्यांतच!

आपल्याकडे आयआयटी मुंबईत टायपोग्राफी शिकवणाऱ्या र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला आणि तो विंडोज २००० सोबत आला. स्क्रीनवरच्या चौकोनात नीट देवनागरी दिसायची सोय झाली. म्हणजे आता अडचण अक्षरांची नाही, आपल्या सवयीची आहे.

तुमच्यातले कित्येक जण यंदा प्रोजेक्ट म्हणून एखादं ॲप बनवतील. त्यात ‘इनव्हॅलिड इनपुट’ लिहू नका. असं लिहा : ‘मोबाइल नंबर १० अंकी हवा. इथे ९ अंक आहेत. एक अंक राहिला का, ते बघा. बाकीचा फॉर्म जसाच्या तसा आहे.’ काय झालं, का झालं, आता काय करायचं, एवढंच सांगायचं. वापरणाऱ्याला दोष द्यायचा नाही. मग तो मेसेज घरातल्या मोठ्यांना वाचायला द्या. त्यांना तुम्हाला न विचारता पुढचं बटण सापडलं, तर तुमचं काम जमलं.

आणि धावड्याच्या त्या दुकानात पुन्हा लाल फुली आली, तर मान खाली घालू नका. यंत्रालाच अजून नीट बोलता येत नाही. ते शिकवणारं कुणीतरी हवंय.